कवडीचं अंडं

"हाय."

आत्तीनं कवडीच्या शेपटीखालचं बोट काढलं, लुगड्याला पुसलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "हाय अंडं. आज कुठं जातंय ते बघायचंच."

हे बोलणं कोंबडीसाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. वर न बघता मी परातीतलं पीठ मळत राहिले, पण कान सगळे अंगणात होते.

सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आत्ती विधवा, अंगानं काटक आणि जिभेनं त्याहून काटक. तिच्या बोटाची ख्याती होती. सकाळी खुराड्यातून कोंबडी काढायची, शेपटीखाली बोट लावायचं आणि सांगायचं, आज अंडं आहे का नाही. असेल तर कोंबडी दिवसभर वेताच्या पालथ्या डालग्याखाली झाकायची, म्हणजे ती बाहेर कुणाच्या गंजीत, कुणाच्या गोठ्यात अंडं घालून येत नाही. नसेल तर सोडून द्यायची. सगळ्याच बायका हे करायच्या, पण आत्तीचं बोट कधी चुकत नाही असं म्हणत आणि गल्लीतल्या नव्या सुना आपापल्या कोंबड्या काखेत मारून तिच्याकडं यायच्या.

ती म्हणायची हाय, म्हणजे होतं. मग संध्याकाळी डालगं उचललं की खाली काहीच नसायचं.

तांबडी कोंबडी पिलांवर होती, तेव्हा अंड्याचं काय ते कवडीकडूनच. कवडी म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली, चालताना मान पुढं-मागं करणारी आगाऊ कोंबडी. आत्ती सकाळी शेतात जायची, आमचे हे कारखान्यावर पाळीला. घरात दिवसभर मी एकटी. मग अंडं कोण घेणार?

मी खाल्लं असं कुणी म्हणू शकत नव्हतं, कारण माझ्या माहेरी सगळे माळकरी, अंड्याच्या वासानंही मला मळमळायचं. म्हणून मग मी ती कोपऱ्यावरच्या दुकानात घालते आणि बदल्यात चहापूड नि पावडर घेते, असं ठरलं. पावडर मी माहेराहून आणली होती. पण डबा कुणी उघडून बघितला नाही, संशय घेणं सोपं होतं.

मीही काही गप्प बसणारी नव्हते. माझाही संशय फिरत होता. आधी शेजारच्या बाळाक्कावर, कारण तिची न् आमची भिंत एक आणि अंगणातल्या कुंपणाला माणूस जाईल एवढं भगदाड. मागच्या आठवड्यात मी डालग्याभोवती चुलीतली राख पसरून ठेवली. कुणी आलं तर पाऊल उमटेल. संध्याकाळी राख जशीच्या तशी, अंडं मात्र नाही. आणि आत्तीनं ती राख बघितल्यावर सगळी गल्ली गोळा केली.

"कोंबडीभवती राखंचं रिंगान घालती ही! करणी शिकून आलीया का काय म्हायेराहून?"

त्या दिवसापासून माझा संशय आत्तीवर आला. राखेवर पाऊल नाही म्हणजे बाहेरून कुणी आलं नाही. मग राहिली कोण? मला वाटायला लागलं की अंडं ही बयाच पहाटे कुठंतरी लपवते आणि वर बोट लावून हाय म्हणते. मला घालवून दुसरी सून आणायची असेल. तशा माझ्या काय उणिवा होत्या ते तिनं कधी सांगितलं नाही, पण गेल्या उन्हाळ्यापासून ती माझ्यापासून अंग चोरून वागत होती. माझ्याकडूनच मनगटापर्यंत बाह्यांची झंपरं शिवून घेतली आणि भर उन्हात ती घालून हिंडायची. ताट माझ्या हातून घ्यायची नाही, खाली ठेव म्हणायची. तव्यावरची भाकरी मात्र नुसत्या बोटांनी उलटायची, आणि वर मला ऐकवायची, "तुमी आजकालच्या पोरी, चिमट्याबिगर हात लावत न्हाई."

त्या दिवशी तिनं शेतात जाताना डालग्यावर दगड ठेवला आणि उंबऱ्यात थांबून म्हणाली, "तुज्या भावाला सांगावा धाडलाय. दुपारच्या गाडीनं येतोय. अंडं गावलं तर ठीक, न्हाईतर बोचकं बांधून ठेव."

मला भाऊ एकच, अण्णा. वडील गेल्यावर आईनं ब्लाऊज शिवून आम्हाला वाढवलं, आणि माझ्या लग्नात अण्णानं हातातलं सगळं घातलं होतं. त्याच्यासमोर मला चोर म्हणून उभं करायचं होतं तिला. चोरी करून परत आलेली पोरगी आईनं ठेवून घेतली असती, पण गावानं तिच्याकडं ब्लाऊज टाकायचं बंद केलं असतं.

मी पाणी भरायला आडावर गेले ती तणतणतच. परत येते तर अंगणात बाळाक्का दगड मारतेय आणि तोंडानं ओरडतेय.

"मुंगूस! मुंगूस! अगं रतन, धाव, कोंबडी मारली!"

कुंपणाच्या भगदाडातून एक भुरकट शेपूट पलीकडं जाताना मला दिसलं. डालग्याचा खालचा काठ जुना, एका बाजूनं कुरतडलेला. मुंगसानं तिथून तोंड घालून कवडीचा गळा धरला होता. मी दगड ढकलला, डालगं उपसलं. कवडी एका कुशीवर पडलेली, चोच उघडी, गळ्याखाली लालभडक. आणि त्या लालातून ज्वारीचे दाणे बाहेर सांडत होते.

मी आधी दाण्यांच्या भोवती बघितलं. अंडं नव्हतं.

तेवढ्यात आत्ती आली. अण्णा यायचा म्हणून ती शेतातून लवकर निघाली होती. तिनं कोंबडी बघितली, मला बघितलं, बाजूला पडलेला दगड बघितला.

"दगूड कुणी काढला?"

"मी काढला. मुंगसानं—"

"मुंगसानं! भाऊ यायच्या टायमालाच बरं मुंगूस आलं? अंडं गावलं न्हाई, आता कोंबडीच मारून मोकळी हुतीस व्हय?"

"बाळाक्कांनी बघितलंय की मुंगूस! विचारा त्यांना."

बाळाक्का दोन्हीकडून मजा बघणारी. ती म्हणाली, "बगितलं बाई, शेपूट तरी बगितलं." मग कवडीजवळ उकिडवी बसून तिनं एक वेगळीच गोष्ट काढली. "कशाला भांडताय? कोंबडी काय आता ऱ्हात न्हाई. कापून टाका. सकाळी बोट लावून अंडं हाय म्हणलीस न्हवं गजराक्का? मग पोटात असंल न्हाईतर नसंल. कापलं की कळतंय."

माझ्या मनात लख्ख उजेड पडला. पोटात अंडं सापडलं तर आजचं तरी मी चोरलं नाही हे सिद्ध होईल. नसेल तर मात्र काय सिद्ध होईल ते मला तेव्हा कळलं नाही, मला फक्त निकाल हवा होता. मी माळकऱ्याच्या घरची, पण तेव्हा तोंडातून निघून गेलं, "कापा, आत्ती. होऊन जाऊ दे एकदाचं."

आत्तीचा चेहरा उतरला. मी तो नीट बघितला, कारण त्या दिवसांत मी तिच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ वाचायची.

"नगं," ती म्हणाली.

"का नगं?" बाळाक्का म्हणाली.

"जिती हाय ती. जित्या कोंबडीवर इळी चालवायची न्हाई माज्या दारात. शिवायची."

"मग शीव की. मागं माजी कोंबडी औषिधाचं दाणं खाऊन पडली तवा तूच गळ्यातली दाण्याची पिशवी कापून, धुवून, शिवली हुतीस."

"ही शिवंल," आत्तीनं माझ्याकडं हनुवटी केली. "आई ब्लाऊज शिवती न्हवं हिची? मग लेकीला ईल की."

बघा आता. स्वतः शिवू शकणारी बाई मला शिवायला लावते. कवडी माझ्या हातात मेली की गोष्टच संपली. अंडी चोरली, वर कोंबडीही मारली, आणि अण्णा येईपर्यंत माझे हात रक्तानं भरलेले. बाळाक्का साक्षीला आहेच. माझ्या डोक्यात हे सगळं सरळ उभं राहिलं आणि मला भयंकर राग आला. मी ठरवलं, ही कोंबडी मरणार नाही. हिला मी मरू देणारच नाही.

मी बारीक सुई आणली, चुलीच्या जाळात धरली. पांढरा दोरा गरम पाण्यातून काढला. कवडीला जुन्या धडप्यात गुंडाळलं, फक्त मान बाहेर. आत्तीनं तिला मांडीवर घेऊन एका हातानं डोकं धरलं. मी जखमेभोवतीची पिसं उपटली, कोमट पाण्यानं सगळं धुतलं, अडकलेले दाणे निवडून काढले. कवडीनं डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा मिटला.

"आदी आतली पिशवी," आत्ती म्हणाली. "मग वरचं कातडं. दोनी एकात घेतलंस तर दाणा गिळायची न्हाई."

खरं सांगत होती. मला तेही संशयास्पद वाटलं, पण माझ्याकडं दुसरं काही ज्ञान नव्हतं. आतली पिशवी पातळ, ओल्या रेशमासारखी. मी आईची आठवण काढत बारीक टाके घातले. मग कातडं. कोंबडीचं कातडं दिसतं नाजूक पण सुईला दाद देत नाही, सरकतं.

"कडा जवळ धरा, आत्ती. सरकतंय."

तिनं उजव्या हाताच्या बोटांनी दोन्ही कडा चिमटीत धरल्या. बाळाक्का तोंडाला पदर लावून वाकली होती आणि तिची टकळी चालू होती. आत्ती तिला उत्तर देत होती, "मुंगूस हुतं का मांजार, नीट बगितलंस का?"

मी सुई जोरानं रेटली. ती कातड्यातून गेली आणि पुढं कशात तरी मऊ रुतली. मी ओढली तर निघेना. बघते तर सुई आत्तीच्या बोटात गेली होती. नखाच्या बाजूनं, चांगली खोल.

"आई गं," मी म्हणाले. मीच म्हणाले.

आत्ती बोलतच होती. "मुंगूस असंल तर परत येणार. त्येला रगताची चव लागली की..."

मी सुई मागं ओढली. बोटावर रक्ताचा मणी आला, मोठा झाला, ओघळला. तिनं बोट हलवलं नाही. तिचा आवाजसुद्धा हलला नाही. मी चिंधीनं तिचं बोट पुसलं. पुन्हा मणी आला. त्या बोटाच्या पेरावर मला एक फोड दिसला, भाजल्याचा, फुटून सुकलेला. आणि बाही जराशी वर सरकली होती, तिथं मनगटावर फिकट पांढुरका चट्टा.

मी वर बघितलं. आत्ती माझ्याकडं बघत होती. तिनं आधी माझा चेहरा बघितला, मग आपलं बोट. मग बाळाक्काकडं चोरून बघितलं, आणि बाही खाली ओढली.

त्या एका नजरेत मला सगळं कळलं. भाकरी नुसत्या बोटांनी का उलटली जाते. ताट खाली का ठेवायचं. सुई माझ्या हातात का आली. आणि कवडीच्या पोटात अंडं नव्हतंच. आजही नव्हतं, कालही नव्हतं. त्या बोटाला काही कळतच नव्हतं.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आधी आनंदच झाला. बाळाक्का वीतभर अंतरावर होती. मी फक्त म्हणायचं होतं, बघा हो, यांचं बोट टोचलं तरी यांना कळत नाही. अर्ध्या तासात सगळं गाव म्हणालं असतं, महारोग. आडावर तिची घागर कुणी लागू दिली नसती. आमच्या दारात पाऊल कुणी ठेवलं नसतं. सुना कोंबड्या घेऊन दुसऱ्या दाराला गेल्या असत्या.

"काय गं, काय झालं?" बाळाक्कानं विचारलं.

मी सुई पुन्हा कातड्यात घातली. शेवटचा टाका घातला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. वर हळद आणि गोडं तेल लावलं. कवडीला टोपलीत ठेवलं तेव्हा ती श्वास घेत होती.

अण्णा आला तो घामेघूम. त्याला गूळ-पाणी दिलं. बाळाक्का घरी जायचं नाव काढीना, दारातच फतकल मारून बसली. अण्णा उंबऱ्याशी घोंगड्यावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि खालमानेनं म्हणाला, "मावशी, काय चुकलं आमच्या पोरीचं?"

आत्ती खांबाला टेकून बसली होती. उजवा हात पदराखाली. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. घरात सून सासूसमोर अशी उभी राहत नाही.

"सांगा आत्ती," मी म्हणाले. "काय चुकलं माझं ते सांगा. मग मला काय सांगायचं ते मी सांगते."

अंगणात तांबडीची पिलं चिवचिवत होती. आत्तीनं मान वर केली तेव्हा मला ती पहिल्यांदा म्हातारी दिसली.

"तुमच्या पोरीचं काय चुकलं न्हाई," ती अण्णाला म्हणाली. "कोंबडी अंडंच देत न्हवती. रोज कोंडून घातली मी तिला. कोंडल्याली कोंबडी अंडं घालायचं सोडती. मला कळाय पायजे हुतं. माजं चुकलं."

"अगं पर रोज बोट लावून तर तूच—" बाळाक्का म्हणाली.

"चुकलं म्हणलं न्हवं!" आत्ती एवढ्या जोरात ओरडली की बाळाक्का उठलीच. "जा आता घरला. तुज्या कुंपनाचं भगदाड बुजव आदी, तितनंच मुंगूस येतंय."

अण्णा जेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याला काही कळलं नव्हतं, पण त्याच्या खांद्यावर माझं बोचकं नव्हतं एवढं त्याला पुरे होतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी आत्तीला म्हणाले, "चला, बाजारला जायचं. आणि तिथनं सरकारी दवाखान्यात." ती नाही म्हणाली नाही. वाटेत तिनंच विषय काढला.

"चुलीत हात भाजला तरी कळंना झालंया. वाटलं, वय झालं. मग चट्टा बगितला तवा..." ती थांबली. "तवापास्नं तुला ताट हातात देऊ दिलं न्हाई. तुला लागाय नगं."

"आणि अंडं? नसताना हाय का म्हणायच्या?"

"न्हाई म्हणून सोडली आन बाहीर घालून आली तर? लोक म्हणाय लागलं असतं, गजराचं बोट चुकाय लागलं. हाय म्हणलं की कोंबडी घरात तरी ऱ्हाती."

"मग मला चोर का म्हणालात?"

ती रस्त्याच्या मधेच उभी राहिली. "मग काय म्हणू? माजं बोट मेलं म्हणू?"

मला तिचा राग आला होता तो तिथं गेला नाही, अजूनही सगळा गेलेला नाही. पण मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही पुढं चाललो.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि कापसाच्या बोळ्यानं हात चाचपला. कुठं लावलं सांगा आजी, म्हणाले. ती म्हणाली, "आदी लावा तरी." मग त्यांनी रोगाचं नाव घेतलं, आणि लगेच सांगितलं की गोळ्या फुकट मिळतात, पूर्ण बरा होतो, फक्त मध्येच सोडायच्या नाहीत. भाजण्या-कापण्यापासून मात्र हात जपायचा. महिन्याच्या महिन्याला आम्ही दोघी बाजारला म्हणून जायचो आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन यायचो. तांदळाच्या डब्यात ती ठेवायची. आमच्या ह्यांनासुद्धा खूप उशिरा सांगितलं. चिमटा मी तिच्या हातात जबरदस्तीनं दिला.

कोंबड्यांचं बोट माझ्याकडं आलं. पहिल्यांदा तिनं तांबडीला माझ्यासमोर धरलं तेव्हा मला किळस आली. "बग," ती म्हणाली, "कडक लागलं पायजे, बाभळीच्या डिंकाच्या खड्यावानी. न्हाई लागलं तर न्हाई म्हणायचं." नव्या सुना अजून यायच्या. आत्ती त्यांना म्हणायची, "माजी नजर गेली आता, सुनंला दाव." नजर तिची शेवटपर्यंत घारीची होती.

कवडीच्या गळ्याचा टाका सुकला. बरेच दिवस ती मान वाकडी करून दाणा गिळायची. तेवढे दिवस आम्ही तिला कोंडलं नाही. मग एका सकाळी मी तिला बोट लावलं आणि पुन्हा एकदा लावून बघितलं.

"हाय," मी म्हणाले.

आत्ती चुलीजवळ होती. ती बाहेर आली. "नीट बगितलंस?"

"हाय, आत्ती."

त्या दिवशी ती शेतात गेली नाही. कवडीला आम्ही डालग्याखाली झाकलं आणि दोघीही अंगणात काही ना काही काम काढून बसलो. मी कपडे सांधत होते, ती लसूण सोलायचा नुसता आव आणत होती. ऊन वर आलं आणि कवडीनं एकदम कलकलाट केला. मी डालगं उचललं. पेंढ्यावर अंडं होतं, अजून ओलसर.

मी ते उचलून आत्तीच्या तळहातावर ठेवलं. तिनं मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. माझ्याकडं बघितलं नाही. मग ती मूठ तिनं वर नेली आणि अंडं गालाला लावलं. तिनं डोळे मिटले.

"गरम हाय गं," ती म्हणाली.